विहिरीतली बुडी आणि साठचा आकडा

‘छाती तर हलायलीय, मग मेला कसा म्हणता?’ लातुरात एका अतिदक्षता विभागाबाहेर भाच्यासाठी थांबलेल्या मामांचा हा प्रश्न. डॉक्टर सांगत होते तो मेंदूमृत्यू, म्हणजे मेंदू कायमचा बंद. प्रश्न रास्तच होता. मॉनिटरवर हिरवी रेघ उड्या मारत होती. पण छाती हलवत होतं व्हेंटिलेटर, आणि हृदयाच्या ठोक्याची ठिणगी हृदयातच पडते. त्याला मेंदू लागत नाही.

श्वासाचं तसं नाही. विहिरीचा तळ गाठायला बुडी मारलेल्या पोराला वर कोण ढकलतं? ऑक्सिजनची टंचाई नव्हे, रक्तात साचलेला कार्बन डायऑक्साइड. तो मेंदूभोवतीच्या द्रवात उतरून आम्लता वाढवतो, मस्तिष्कस्तंभातल्या, म्हणजे मेंदूच्या बुडाच्या देठातल्या, पेशी ती हेरतात आणि श्वासपटलाला हुकूम सोडतात.

मेंदूमृत्यू ठरवणारी ॲप्निया टेस्ट, म्हणजे श्वास थांबल्याची चाचणी, म्हणजे या हुकमाची वाट पाहणं. डोळ्यांच्या बाहुल्या, खोकला वगैरे आधी तपासून झालेलं असतं. भरपूर ऑक्सिजन देऊन व्हेंटिलेटर काढतात, बारीक नळीतून ऑक्सिजन चालूच ठेवतात. कार्बन डायऑक्साइडचा दाब एरवी 35 ते 45 मिलिमीटर पारा. तो मिनिटाला साधारण 3 ने चढतो. आठ-दहा मिनिटं छाती-पोटावरून नजर हलवायची नाही. दाब 60 वर गेला आणि तरी एकही श्वास नाही, तर हुकूम देणारंच कुणी उरलेलं नाही.

1994 च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याने हे सगळं चार डॉक्टरांनी, किमान सहा तासांच्या अंतराने, दोनदा करायचं असतं. प्रत्यारोपण करणारा त्यांत चालत नाही. तरी अवयवदानाचा विषय निघाला की ‘डोळे दिले तर पुढच्या जन्मी आंधळा’ हे आहेच. सरणावर कुणाचे डोळे शाबूत राहतात?

2023 मध्ये केंद्राने अवयवांच्या प्रतीक्षायादीसाठीची राज्याच्या रहिवासाची अट आणि 65 वर्षांची मर्यादा काढली. बरं झालं, पण त्याने रांग वाढते, अवयव नव्हे. मला महत्त्वाची वाटते ती या कायद्यातली 2011 ची दुरुस्ती: प्रत्यारोपण न करणारं, पण अतिदक्षता विभाग असलेलं रुग्णालयही अवयव काढण्यापुरती नोंदणी करू शकतं. पुढचं वाटप छत्रपती संभाजीनगरचं विभागीय समन्वय केंद्र बघतं. बीड-नांदेडच्या रस्त्यांवर डोक्याला मार लागलेला माणूस आधी जवळच्याच दवाखान्यात पोचतो. तिथे ही टेस्ट करणारं कुणी हवं. आणि मधल्या सहा तासांत रक्तदाब कोसळतो, लघवी लिटरने जाते. तेव्हा सलाइनच्या बाटल्या बदलत रात्रभर उभी राहणारी सिस्टरही.