गोठ्यातला दिवा मंद का जळतो? १२ व्होल्टच्या वायरिंगबद्दल

सोलर दिव्यांचा संच नेल्यावर आमच्याकडे सर्वांत जास्त येणारी तक्रार एकच: "बॅटरी नवीन आहे, तरी दिवा मिणमिणतो." बहुतेक वेळा दोष बॅटरीत नसतो, वायरीत असतो.

बॅटरीच्या प्लसपासून लाल वायरीने निघालेला प्रवाह फ्यूज, स्विच, दिवा असा फिरून काळ्या वायरीने मायनसला परत आला, तरच दिवा लागतो. वाट कुठेही तुटली की सगळेच बंद. डीसीमध्ये, म्हणजे बॅटरीच्या विजेत, प्रवाहाची दिशा बदलत नाही, म्हणून एलईडीची लाल-काळी उलटी जोडली तर तो पेटत नाही. (तारेतले इलेक्ट्रॉन मात्र मायनसकडून प्लसकडे सरकतात, पण दिशा प्लसकडून मायनसकडे सांगायची जुनीच रीत राहिली आहे.)

घोडे पेंड खाते ते अंतरावर. घरापासून गोठा २० मीटर असला तर जाऊन-येऊन वायर ४० मीटर होते. १ एमएमच्या (म्हणजे १ चौरस मिलिमीटर छेदाच्या) तांब्याच्या वायरीचा एवढ्या लांबीचा रोध, म्हणजे प्रवाहाला होणारा अडथळा, साधारण ०.७ ओहम. दिवे-पंखा मिळून २ अँपिअर घेत असतील तर २ गुणिले ०.७, म्हणजे १.४ व्होल्ट वायरीतच खर्ची पडतात. घरातल्या २३० व्होल्टमध्ये एवढे गेले तर कळतही नाही. १२ मधून गेले की लगेच दिसते. अडीच एमएमची वायर घातली तर हीच घट जेमतेम अर्ध्या व्होल्टवर येते. म्हणून आम्ही जाड वायरीचा आग्रह धरतो.

गेल्या पावसाळ्यात एका गोठ्यात मल्टिमीटर लावला: बॅटरीवर १२.६, दिव्याजवळ १०.९. मधला जोड नुसता पिळून चिकटपट्टी गुंडाळलेला. पट्टी सोडली तर तांब्यावर हिरवट थर. तार खरवडून कनेक्टरमध्ये घट्ट कसली आणि दिव्याजवळ १२.२ मिळाले. बॅटरी बदलावी लागली नाही.

स्विच डीसीसाठीचाच घ्या. घरच्या एसीचा, म्हणजे दिशा सतत बदलणाऱ्या विजेचा, प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, त्यामुळे स्विच उघडताना उडणारी ठिणगी विझते. डीसीत तशी उसंत नसते. मोठ्या लोडवर ठिणगी रेंगाळते आणि स्विचचे पॉइंट जळतात.

फ्यूज प्लसच्या टोकाला, बॅटरीच्या शक्य तितक्या जवळ लावा. दिव्याजवळ लावलेला फ्यूज मधल्या वायरीतल्या शॉर्टपासून वाचवत नाही, आणि शॉर्ट झाल्यावर बॅटरी क्षणात शेकडो अँपिअर सोडते.

दुकानात येताना बॅटरीपासून दिव्यापर्यंतचे अंतर वायर जाईल त्या वाटेने मोजून आणा. वायर किती जाड हवी, ते आम्ही समोर हिशेब करून सांगू.