पाइपलाइनमधला ‘लोकलहोस्ट’ नेमका कोणाचा?

कोड बदलला की टेस्ट आपोआप चालवणारी साखळी म्हणजे पाइपलाइन, तिच्यातलं एक काम म्हणजे जॉब, आणि ‘लोकलहोस्ट’ म्हणजे ‘हेच मशीन’. २०१३ च्या अखेरीस डॉकरमध्ये, म्हणजे प्रोग्राम ‘कंटेनर’ नावाच्या वेगळ्या कप्प्यात चालवणाऱ्या साधनात, ‘लिंक’ फ्लॅग आला. डेटाबेसचा कंटेनर आधी उठवायचा, मग अ‍ॅपचा कंटेनर त्याला जोडायचा. पत्ता एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल आणि होस्ट्स फाइलमध्ये आपोआप पडे. जोड एकतर्फीच. नोव्हेंबर २०१५ मध्ये १.९ आवृत्तीने स्वतःची नेटवर्क बनवायची सोय दिली आणि पुढच्या फेब्रुवारीत १.१० ने १२७.०.०.११ वर डीएनएस (नावावरून पत्ता शोधणारी सेवा) बसवला. डीफॉल्ट ब्रिजवर (डॉकरच्या आपोआप मिळणाऱ्या नेटवर्कवर) मात्र आजही नावाने हाक पोचत नाही.

खरा घोळ ‘लोकलहोस्ट’चा. लॅपटॉपवर टेस्ट थेट मशीनवर चालते, पोस्टग्रेस या डेटाबेसचा ५४३२ पोर्ट पब्लिश केलेला (मशीनवर उघडलेला) असतो, सगळं जुळतं. पाइपलाइनमध्ये जॉबच कंटेनरमध्ये असतो, म्हणजे त्याचा लोकलहोस्ट तो स्वतः. तिथे पोस्टग्रेस नाहीच, ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’.

पुढचं उत्तर डीमन, म्हणजे कंटेनर चालवणारा डॉकरचा मुख्य प्रोग्राम, कुठे बसवला यावर ठरतं. होस्टचं (मूळ मशीनचं) सॉकेट, म्हणजे डीमनला आज्ञा द्यायची वाट, जॉबमध्ये माउंट केलं असेल तर टेस्टने उठवलेले कंटेनर जॉबच्या पोटात जात नाहीत, शेजारी उभे राहतात, आणि पोर्ट होस्टवर उघडतो. मग कोणी १७२.१७.०.१ हा ब्रिजचा गेटवे (म्हणजे होस्टचाच पत्ता) स्क्रिप्टमध्ये ठोकून देतं. दोन जॉब एकाच होस्टवर आले की दुसरा ‘पोर्ट इज ऑलरेडी अलोकेटेड’ म्हणून पडतो. डॉकर-इन-डॉकर, म्हणजे कंटेनरच्या आत दुसरा डीमन, घेतलं तर पोर्ट त्या आतल्या डीमनच्या कंटेनरवर उघडतो. त्याचं होस्टनेम बहुधा ‘डॉकर’.

सॉकेटवाले इमेज-कॅशचा (कंटेनरचे साचे पुन्हा डाउनलोड न करण्याचा) फायदा सांगतात, आणि तो आहेच. पण सॉकेट देणं म्हणजे होस्टचं रूट, म्हणजे सर्वाधिकार, देणं. प्रिव्हिलेज्ड (जादा अधिकारांच्या) मोडमधलं डॉकर-इन-डॉकरही काही सोवळं नाही, निदान त्यातले कंटेनर जॉबसोबत जातात. दोन्हीकडे चालणारा मार्ग साधा आहे: पोर्ट पब्लिशच करू नका; टेस्टही कंटेनरमध्ये चालवा, त्याच नेटवर्कवर ठेवा, सेवेचं नाव आणि कंटेनरचा आतला पोर्ट वापरा.

२०१९ मध्ये डॉकरच्या १९.०३ आवृत्तीने डॉकर-इन-डॉकरच्या इमेजमध्ये टीएलएस (एन्क्रिप्टेड जोडणी) डीफॉल्ट केलं. पोर्ट २३७५ चा २३७६ झाला आणि आवृत्ती पिन (पक्की) न केलेल्या पाइपलाइनी एका रात्रीत बंद पडल्या. कंटेनरमधून होस्टला नावाने गाठायची ‘होस्ट-गेटवे’ सोय लिनक्सवर २०.१० पासून मिळाली.

दर जॉबला वेगळं नेटवर्क ही पद्धत आता रुळली आहे. तिचाही हिशेब असतो: डीफॉल्ट पत्त्यांच्या साठ्यातून जेमतेम ३० नेटवर्क निघतात. मध्येच मारलेल्या जॉबची नेटवर्क मागे राहिली की रनर (जॉब चालवणारा प्रोग्राम) पुढच्या जॉबला पत्ताच देऊ शकत नाही. त्यामुळे न वापरलेली नेटवर्क पुसणारं ‘नेटवर्क प्रून’ क्रॉनमध्ये, म्हणजे ठरावीक वेळी आपोआप चालायला, लावलेलं असतं.