रीफर कंटेनरचा जीपीएस मागोवा

रीफर, म्हणजे आत थंडावा राखणाऱ्या कंटेनरमधला नाशवंत माल वाटेत कुठे आहे, किती थंड आहे आणि दार उघडले गेले का, हे एकाच नोंदीत पाहण्याची पद्धत. नाशिक जिल्ह्यातून युरोपला जाणारी द्राक्षे हे तिचे चांगले उदाहरण. निफाड, दिंडोरी, पिंपळगाव बसवंत या पट्ट्यातल्या पॅकहाउसपासून न्हावा शेवा बंदर सुमारे २०० किमी आहे. पुढचा समुद्रप्रवास काही आठवड्यांचा असला, तरी बिघाडाची सुरुवात अनेकदा या पहिल्या २०० किमीतच होते.

रीफर कंटेनरचे काम आधीच थंड केलेला माल थंड राखण्याचे. गरम मालाचे तापमान उतरवण्याइतकी ताकद त्याच्यात नसते. म्हणून द्राक्षे आधी प्रीकूलिंगमध्ये ० अंश सेल्सिअसच्या आसपास आणतात आणि कंटेनर साधारण उणे ०.५ अंशावर लावतात. देठ सुमारे उणे २ अंशांना गोठतो, तेव्हा चुकीला खालच्या बाजूनेही फारशी जागा नाही. रस्त्यावर थंडावा टिकतो तो ट्रेलरला जोडलेल्या जेनसेटवर, म्हणजे डिझेलवर वीज तयार करणाऱ्या जनरेटरवर. डिझेल संपले किंवा जेनसेट बंद केला की आतली हवा लवकर तापते, द्राक्षाचा गर मात्र सावकाश. खरा घोटाळा पुढे होतो. थंड मण्यांवर दमट हवेतले पाणी साचते, पेटीतला बुरशी रोखणारा सल्फर डायऑक्साइड पॅड ओला होऊन एकदम जास्त वायू सोडतो आणि मणी देठाजवळ पांढुरके पडतात. नंतर वायू कमी पडला की करडी बुरशी धरते. हे दिसते ते युरोपात, रॉटरडॅम बंदरात पेटी उघडल्यावर.

ट्रेलरवरचे जीपीएस यंत्र उपग्रहांचे संकेत फक्त ऐकते. स्थान, उंची आणि वेळ काढायला किमान चार उपग्रह दिसावे लागतात. माहिती पाठवण्याचे काम मोबाइल सिमचे. त्यामुळे घाटात रेंज गेली तर नकाशावरचा ठिपका थांबतो, गाडी थांबलेली नसते. चांगले यंत्र मधल्या नोंदी साठवून रेंज आल्यावर वेळेसह पाठवते. यंत्राला स्वतःची बॅटरी हवी, आणि बाहेरची वीज तोडल्याचा वेगळा इशाराही. चालत्या गाडीची दर मिनिटाला, उभ्या गाडीची दर १५ मिनिटांनी नोंद पुरते.

कंटेनरच्या धातूच्या भिंतींतून जीपीएस संकेत आत पोचत नाही. पेट्यांमध्ये ठेवलेला ट्रॅकर मग मोबाइल टॉवरवरून अंदाज बांधतो आणि तो काही किलोमीटरही चुकू शकतो. म्हणून स्थान ट्रेलरच्या यंत्राकडून आणि तापमान आतल्या लॉगरकडून (तापमान नोंदवणाऱ्या छोट्या यंत्राकडून) घ्यावे. लॉगर दाराजवळच्या शेवटच्या पॅलेटवर, वरच्या थरात बसवतात. थंड हवा समोरच्या शीतयंत्राकडून जमिनीलगत येते; दाराजवळचा वरचा कोपरा सर्वांत उशिरा थंड होतो. हवेच्या तोंडाशी लॉगर ठेवला तर आलेख सुंदर येतो, पण मालाबद्दल काहीच सांगत नाही. बसवण्याआधी तो कुटलेल्या बर्फाच्या पाण्यात धरून ० अंश दाखवतो का, हे पाहावे.

इशारे ठरवताना सर्वाधिक चुका होतात. शीतयंत्रावर साचलेले बर्फ वितळवण्यासाठी रीफर मधूनमधून डीफ्रॉस्टवर जातो, तेव्हा हवेचे तापमान काही वेळ वाढतेच. दर वेळी मोबाइल वाजला तर रात्रपाळीचा माणूस तो बंद करून झोपतो. म्हणून मर्यादेसोबत कालावधीही द्यावा: हवा ४५ मिनिटांहून जास्त वेळ ३ अंशांच्या वर राहिली तरच इशारा. याहून उपयोगी असतात जोडइशारे. गाडी उभी आणि जेनसेट बंद. ठरलेल्या मार्गाबाहेर दार उघडले. बंदराच्या रांगेत दोन तास गेले आणि डिझेल कमी. प्रत्येक इशाऱ्यापुढे कोणाला फोन करायचा, हेही आधीच लिहिलेले असावे. चालक, वाहतूकदार आणि जेनसेट दुरुस्त करणारा यांचे नंबर नसतील, तर यंत्रणा फक्त नुकसानीची तारीखवार नोंद ठेवते.

निर्यातीच्या कंटेनरला २०१७ पासून आलेले आरएफआयडी (रेडिओ लहरींनी वाचले जाणारे) इलेक्ट्रॉनिक सील पुष्कळांना जीपीएस वाटते. ते तसे नाही. वाचकयंत्रासमोर आल्यावरच त्याची ओळख वाचली जाते. वाटेतला ठावठिकाणा त्यातून कळत नाही. फास्टॅगच्या नोंदीही टोलनाक्यापुरत्याच. सिगारेट लायटरच्या खाचेत बसणारा, संकेत अडवणारा जॅमर जीपीएस बंद पाडू शकतो. उघड्या रस्त्यावर उपग्रह हरवले पण सिम चालू आहे, असे दिसले की हा संशय घ्यावा.

जहाजावर कंटेनरला जहाजाची वीज मिळते. ट्रेलरचे यंत्र मागे राहिलेले असते. पुढची माहिती जहाज कंपनीच्या रीफर-निरीक्षणातून येते. मर्स्क या जहाज कंपनीने अशी सेवा २०१७ मध्ये ग्राहकांना खुली केली. ती बहुधा रीफरच्या आत सोडलेल्या आणि परतलेल्या हवेचे तापमान दाखवते, गराचे नव्हे.

विम्याच्या दाव्यात ट्रेलर, लॉगर आणि जहाज अशा तिन्ही नोंदी शेजारी ठेवाव्या लागतात. त्याआधी घड्याळे जुळवावीत. अनेक लॉगर जागतिक प्रमाणवेळ नोंदवतात, आणि ५ तास ३० मिनिटांच्या फरकाने जेनसेट बंद पडल्याची वेळ पॅकहाउसमधल्या भरणीच्या वेळेवर जाऊन बसते.