गाठ निघाली, रान तेच राहिलं

आप्पांच्या यकृतात पुन्हा गाठ दिसली, तेव्हा घरात सगळ्यांचा एकच सूर: पहिल्या डॉक्टरनं नीट काढलीच नव्हती. आप्पा म्हणजे माझे चुलते, अंबाजोगाईजवळच्या एका गावात असतात. उजव्या बाजूची चार सेंटिमीटरची गाठ काढून सव्वातीन वर्षं झाली होती. नवी गाठ दोन सेंटिमीटरची, आणि डावीकडे.

डॉक्टरला बोल लावण्याआधी ही सव्वातीन वर्षं आणि ही डावी बाजू नीट पाहायला हवी.

यकृताचा कर्करोग शस्त्रक्रियेनंतर पाच वर्षांत 70 टक्क्यांपर्यंत रुग्णांत पुन्हा डोकं वर काढतो. पण हे 'पुन्हा' दोन तऱ्हांचं असतं. ज्यानं रानातला कुंदा खणलाय त्याला हे लगेच कळेल. मुळीचा तुकडा जमिनीत राहिला, तर पावसाबरोबर तोच कुंदा फुटतो. पहिल्या दोन वर्षांत परतणारा कर्करोग बहुधा असा असतो: मूळ गाठीतल्या काही पेशी शस्त्रक्रियेआधीच बारीक रक्तवाहिन्यांत शिरलेल्या असतात आणि स्कॅनमध्ये त्या दिसत नाहीत. दोन वर्षांनंतर उगवतं ते मात्र बरेचदा नवंच तण असतं. जमिनीत बी पडलेलं असतंच. त्याला सर्जन काय करणार?

आप्पांच्या बाबतीत हे बी म्हणजे हिपॅटायटिस बी, आपल्याकडची 'पांढरी कावीळ'. वर्षानुवर्षं हा विषाणू अंगात असूनही अनेकांचे डोळे कधी पिवळे होत नाहीत, म्हणून तर ते माळ घालणाऱ्याकडेही जात नाहीत आणि दवाखान्यातही नाही. विषाणूचा सगळा जनुकीय मजकूर जेमतेम 3200 अक्षरांचा. आपला 300 कोटींचा. एवढासा मजकूर पेशीच्या केंद्रकात कडं करून ठाण मांडतो. त्याचे काही तुकडे थेट आपल्या डीएनएत घुसतात, आणि नको त्या जागी घुसले तर पेशीच्या वाढीचा लगाम सुटू शकतो. म्हणूनच हिपॅटायटिस बीमध्ये सिरॉसिस, म्हणजे व्रण साचून यकृत निबर होणं, नसतानाही कर्करोग होऊ शकतो. कापलेलं यकृत काही महिन्यांत भरून येतं याचं आपल्याला कौतुक, पण ते भरून येतं त्याच विषाणूग्रस्त पेशींतून.

टेनोफोविर किंवा एन्टेकाविरची रोजची गोळी विषाणूच्या नव्या प्रती निघू देत नाही. केंद्रकातल्या कड्याला ती हात लावत नाही, त्यामुळे बहुतेकांना ती वर्षानुवर्षं, अनेकदा जन्मभर घ्यावी लागते. शस्त्रक्रियेनंतर ती घेणाऱ्यांत उशिराच्या गाठी कमी होतात. शून्य होत नाहीत. आप्पांनी ती आठव्या महिन्यात सोडली होती. "गाठच निघाली, आता गोळी कामून?" गोळी सोडली म्हणूनच गाठ आली, असं छातीठोकपणे कुणी सांगू शकणार नाही. पण अशी मनानं सोडली तर विषाणू एकदम उसळून यकृत निकामी होऊ शकतं, हे त्यांना कुणी समजावलंच नव्हतं. सरकारच्या 2018 साली सुरू झालेल्या हिपॅटायटिस कार्यक्रमात हे औषध मोफत मिळतं, हेही त्यांना ठाऊक नव्हतं.

आणि ती चटणी! बुरशी लागलेले, सुरकुतलेले शेंगदाणे वाया कसे घालवायचे, म्हणून खलबत्त्यात ढकलायची आपली सवय. त्या बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन आणि हा विषाणू एकत्र आले की धोका कैक पटींनी वाढतो. भाजून ते विष पुरतं जात नाही.

दुसरी गाठ लवकर सापडली ती काकूंमुळे. कापूस वेचणीच्या गडबडीत आप्पा तपासणी टाळत होते. काकूंनी हट्टानं सोनोग्राफीला नेलं. रक्तातलं एएफपी, म्हणजे यकृताच्या कर्करोगात बरेचदा वाढणारं प्रथिन, नॉर्मल होतं. लहान गाठीत ते अनेकदा नॉर्मलच असतं, नुसत्या रक्तावर विसंबून चालत नाही. गाठ दोनच सेंटिमीटरची असल्यानं पोट उघडावं लागलं नाही, सुई घालून जाळता आली. गोळी पुन्हा सुरू झाली. ती आता काकूंच्या ताब्यात असते, चहापत्तीच्या डब्याशेजारी.

मोठ्या वयात हा संसर्ग झाला तर शंभरातल्या पाचांच्याही अंगात तो टिकत नाही. जन्मताना आईकडून झाला तर नव्वदांच्या अंगात टिकतो. हे वाचल्यावर मी वडिलांना, म्हणजे आप्पांच्या थोरल्या भावाला, तपासणीला नेलं. "मला काय धाड भरलीय?" असं वाटभर म्हणत होते. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला.