घुम्या गोष्टीत कधी आला

वऱ्हाडात न बोलणाऱ्या माणसाला घुम्या म्हणतात. लहान पोरगं असेल तर ते उगामुगा. शिकलेल्या घरात हाच माणूस एकलकोंडा किंवा मुखदुर्बळ होतो. या सगळ्या शब्दांना तक्रारीचा वास आहे. पोरगा पाहायला आलेल्या मंडळींसमोर तो तासभर काही बोलला नाही, तर परतीच्या गाडीत कोणीतरी म्हणतंच, "पोरगं चांगलं हाय, शेती हाय, पन ते बोलत काऊन नाई?" म्हणजे काहीतरी दोष असणार, असं धरूनच चालतात.

'अंतर्मुख' हा शब्द गावात कोणी वापरत नाही. तो मूळचा वेदान्तातला, विषयांकडं धावणारं मन आत वळवण्यासाठीचा. कार्ल युंग या स्विस मानसशास्त्रज्ञानं १९२१ साली माणसांच्या स्वभावप्रकारांवरचं पुस्तक काढलं, त्यातल्या जोडीसाठी आपण अंतर्मुख-बहिर्मुख हे शब्द वापरायला लागलो. युंगच्या मते काहींच्या मनाचा ओढा बाहेरच्या माणसांकडं आणि वस्तूंकडं असतो, काहींचा स्वतःच्या आतल्या जगाकडं. पूर्णपणे एकाच बाजूचा कोणी नसतो. लाजाळू असणं, भित्रं असणं किंवा खचून गेलेलं असणं यांचा त्याच्याशी संबंध असेलच असं नाही. आमच्याकडं मात्र हे सगळं 'घुम्या' या एकाच पोत्यात भरतात. पुढं कथेनंही तेच केलं.

गोष्ट पूर्वी ऐकायची चीज होती. सांगणाऱ्याकडं एकच हत्यार, आवाज. राक्षस गरजला की आवाज मोठा करायचा, म्हातारी आली की घोगरा, कोल्हा आला की गोड. न बोलणाऱ्या माणसाचा आवाज कुठून काढणार? म्हणून लोककथेत गप्प माणूस एक तर मुका असतो, नाहीतर त्याचं व्रत असतं, नाहीतर न बोलणारी राणी असते आणि तिला बोलतं करण्यासाठीच सारी गोष्ट रचलेली असते. ती बोलली की गोष्ट संपली. ती गप्प असताना तिच्या मनात काय चाललं होतं, हे विचारायला सांगणाऱ्याला फुरसत नाही. समोर पोरं पेंगायला लागतात. त्यातून विदर्भ म्हणजे तोंडाचा मुलूख. पोळ्याला बैलांच्या तोरणाखाली झडत्या, म्हणजे यमकाच्या ओळी, म्हणायच्या त्या बेंबीच्या देठापासून. दंडार, खडी गंमत हे लोकनाट्याचे खेळ, पूर्वेकडं झाडीपट्टीची रात्रभर चालणारी नाटकं, सगळीकडं मागच्या रांगेपर्यंत आवाज पोचला पाहिजे.

तरी या ऐकीव परंपरेत गप्प माणसाला एक मानाची जागा होती, फक्त ती गोष्टीच्या बाहेर होती. आदित्य राणूबाईची कहाणी आठवा. श्रावणातल्या आदितवारी मौन्यानं उठावं, असं वसा सांगतानाच येतं. पुढं राणीला कहाणी सांगायची असते, आणि अडतं कुठं, तर ऐकणारा मिळण्यापाशी. वाटेत मोळीविक्या भेटतो. राणीनं मनोभावे सांगितली, त्यानं चित्तभावे ऐकली, आणि त्याची लाकडाची मोळी होती ती सोन्याची झाली. मग माळी, मग म्हातारी. ज्यानं ऐकलं त्याचं भलं झालं. लहानपणी मला हे खटकायचं. एवढी खटपट राणी करते आणि बक्षीस मोळीविक्याला? आता वाटतं, कहाणी रचणाऱ्या बायांना ऐकणाऱ्याचा तुटवडा चांगला ठाऊक असणार.

आमच्या घरी श्रावणात ही कहाणी आजी वाचायची आणि हुंकार द्यायला बसायचे ते काकाजी, वडिलांचे थोरले भाऊ. दुसरं कोणी टिकायचं नाही. काकाजी दिवसभरात मोजून दहा वाक्यं बोलत असतील. आजीनं ओळ वाचली की "हं". मधेच आजी चष्मा पुसायला थांबली तर हेही थांबायचे, पुढं काय म्हणून विचारायचे नाहीत. गाव त्यांना घुम्याच म्हणायचं. आजीचं मत वेगळं होतं : "तो बोलत नाई, पन आयकते सारं."

मौनाला आणि एकांताला पत देणारा विचारही याच मातीतला आहे, तोही सातशे वर्षांपूर्वीचा. अमरावती जिल्ह्यातलं रिद्धपूर महानुभाव पंथाचं मोठं ठाणं. मराठी भाषा विद्यापीठ आता तिथंच आहे. तेराव्या शतकाच्या शेवटाकडं म्हाइंभटांनी 'लीळाचरित्र' जुळवलं, केसोबासांनी पंथाचे संस्थापक चक्रधर यांचे ११४ दृष्टांत 'दृष्टांतपाठा'त बांधले. मराठीत गद्यातली छोटी गोष्ट लिहून ठेवायची सवय इथून दिसते. या पंथाच्या आचारात अटन, म्हणजे फिरत राहणं, आणि भिक्षेच्या बरोबरीनं 'विजन' येतं. गावापासून दूर, झाडाखाली, एकट्यानं बसायचं. देशाच्या शेवटाला झाडातळी जन्म घालवावा, अशा आशयाचं चक्रधरांचं सूत्रच आहे. आमच्याकडं धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या, बाभळीखाली तास-तास बसणाऱ्याला आळशी म्हणतात, त्याला इथं साधक म्हटलंय. खुद्द रिद्धपुरात चक्रधरांचे गुरू गोविंदप्रभू स्वतःच्याच तंद्रीत हिंडायचे. लोक त्यांना राऊळ वेडे, राऊळ पिसे म्हणायचे, आणि तेच लोक राऊळ माय, राऊळ बाप असंही म्हणायचे. जगावेगळ्या माणसाला गावानं सामावून घेतल्याचा इतका जुना लेखी दाखला मला दुसरा माहीत नाही.

पण एक आहे. विजनाला एवढा मान देणाऱ्या या ग्रंथांतल्या लीळा, म्हणजे चक्रधरांचे प्रसंग, मुख्यतः भेटीच्या आणि बोलण्याच्या आहेत. कोण आलं, काय म्हणालं, गोसावी म्हणजे चक्रधर काय म्हणाले. झाडाखाली बसलेल्याच्या डोक्यात दिवसभर काय चाललं, ते लिहायची रीत अजून यायची होती.

मधली शतकं ओलांडून थेट वर्ध्याला येतो. १९३६ पासून गांधीजी सेवाग्रामला राहिले, त्यांचं सोमवारचं मौन ठरलेलं. लागलं तर चिठ्ठीवर लिहून द्यायचे. तिथून जवळच पवनारला विनोबांनी २५ डिसेंबर १९७४ ला वर्षभराचं मौन घेतलं. ते चालू असतानाच आणीबाणी आली. त्यांनी कागदावर लिहिलेल्या 'अनुशासनपर्व' या एका शब्दावर देशभर कीस पाडला गेला, कोणी त्याचा अर्थ पाठिंबा लावला, कोणी आणखी काही. गप्प माणसाच्या तोंडी लोक आपापलं वाक्य घालतात, हे मोठ्या माणसाच्या बाबतीतही सुटलं नाही. आणि मोझरीला, ज्यांनी आयुष्यभर खंजिरी घुमवली त्या तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला, दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी हजारोंचा जमाव एकदम स्तब्ध होतो. पोरंसोरंही. एकदा तिथं उभं राहून बघावं.

हे झालं संतांचं आणि पुढाऱ्यांचं. साधा घुम्या, जो कोणाचा गुरू नाही की ज्याचं काही व्रत नाही, तो कथेत यायला छापील नियतकालिक यावं लागलं. १८९० मध्ये हरिभाऊ आपट्यांचं 'करमणूक' सुरू झालं, त्यात त्यांच्या स्फुट गोष्टी आल्या. पाच वर्षांनी 'मनोरंजन' निघालं. हळूहळू गोष्ट एकट्यानं, ओठ न हलवता वाचायची झाली. माझ्या मते खरा फरक इथं पडला. वाचणाराच जर एकटा आणि गप्प बसलेला असेल, तर त्याला पानावरच्या गप्प माणसाच्या आत शिरता येतं. आवाज काढायची गरजच उरत नाही. १९२२ साली दिवाकर कृष्णांची 'अंगणातला पोपट' आली. मराठी कथा मनाच्या आत नेण्याचं श्रेय समीक्षक त्यांना देतात ते बरोबरच आहे.

विदर्भानं या वळणावर मोलाची भर घातली, आणि तिची चर्चा कमी होते. कुसुमावती देशपांडे अमरावतीच्या, जन्म १९०४. नागपूरला इंग्रजी शिकवायच्या. 'दीपकळी' १९३४ चं, मग 'दीपदान', मग 'मोळी'. त्यांच्या कथांत घडतं फार थोडं. एखादी बाई, एखादी संध्याकाळ, मनावरून सरकून गेलेली एखादी सावली. गोष्ट कुठं आहे, असं विचारणारे तेव्हाही होते. १९६१ च्या ग्वाल्हेर संमेलनाच्या त्या अध्यक्ष झाल्या, हा मान मिळालेल्या पहिल्या स्त्री. त्यांच्यानंतरचे वामन कृष्ण चोरघडे नरखेडचे, जन्म १९१४, पहिला संग्रह 'सुषमा' १९३६ चा. गांधीविचाराचा माणूस, लिहिणंही तसंच, थोडक्यात आणि आवाज न चढवता. या दोघांच्या पात्रांना घुम्या म्हणावंसं वाटत नाही, कारण त्यांच्या गप्प राहण्याकडं लेखक बाहेरून बघत नाही.

स्वातंत्र्यानंतर नवकथा आली. गंगाधर गाडगिळांची एकटी माणसं बहुतेक मुंबईत राहतात. तिकडं धारवाडला जी. ए. कुलकर्णी स्वतःच सभा-समारंभांपासून लांब राहून लिहीत होते. यावर भरपूर लिहिलं गेलंय, मी थांबत नाही.

आमच्याकडं वेगळंच घडलं. उद्धव शेळक्यांची 'धग' ही कादंबरी १९६० ला आली आणि वऱ्हाडी बोली पुस्तकात पाय रोवून उभी राहिली. ते फार मोठं काम होतं. शेळक्यांना कुठं बोलायचं आणि कुठं नाही, हे कळत होतं. मागून येणाऱ्यांनी मात्र बोलीचा ठसका तेवढा उचलला. संवाद खटकेबाज झाला की कथा 'अस्सल' झाली, असं समजायला लागले. आणि बोलीवरच कथा उभी करायची तर न बोलणाऱ्या माणसाचा उपयोग काय? त्यातच कथाकथनाचे दिवस आले. शंकर पाटील, द. मा. मिरासदार, व्यंकटेश माडगूळकर या तिघांनी महाराष्ट्र पालथा घातला, मग गावोगावच्या गणपतीत आणि गॅदरिंगात तेच. लोक पोट धरून हसले, मीही हसलो. पण कथा पुन्हा माइकसमोर उभी राहिली आणि घुम्या पुन्हा मंडपाबाहेर गेला. आला तर टिंगलीला आला.

बोलणाऱ्याचे कुळीथ विकतात आणि न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात, अशा अर्थाची म्हण आहे. म्हण करणारा बैलबाजारात गेला नसावा. तिथं जोडीचा सौदा दुपट्ट्याखाली व्हायचा. दलाल आणि गिऱ्हाईक हातात हात घालायचे, वरून दुपट्टा, आणि आत बोटं. किती बोटं धरली, कितीदा दाबली, त्यावर भाव. तोंडानं काहीच नाही, झालंच तर मान हलायची. सगळ्या बाजाराचा गलका चालू असताना घरातला सगळ्यात मोठा व्यवहार असा मुक्यानं व्हायचा. काकाजींना बैल घ्यायला आसपासची माणसं बरोबर न्यायची. ते जोडीभोवती दोन चकरा मारायचे, एकदा खुराकडं वाकून बघायचे, आणि दुपट्ट्याखाली हात घातला की चेहऱ्यावर काही म्हणजे काही उमटू द्यायचे नाहीत. दलाल वैतागायचा. "काकाजी, कायतरी बोला ना बाप्पा!" माणसाला असं कामात असताना बघितलं की त्याच्या न बोलण्याला काही नाव द्यावंसं वाटत नाही.

मग नव्वदीनंतर शेतकरी आत्महत्यांचं सत्र सुरू झालं. २००६ च्या जुलैत अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम आणि वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी पंतप्रधानांनी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं, तोवर हा विषय कथेतही मध्यावर आला होता. यायलाच हवा होता. सदानंद देशमुखांसारख्यांनी तो आतून लिहिला. पण त्याच्या मागोमाग एक साचा पडला. पहिल्या परिच्छेदात बाप गप्प गप्प राहायला लागतो, जेवण कमी करतो, धुऱ्यावर एकटा जाऊन बसतो, आणि शेवटच्या परिच्छेदात काय होणार, हे वाचकाला दुसऱ्याच ओळीला कळतं. नेहमी बोलणारा माणूस एकाएकी गप्प झाला, तर घरच्यांनी घाबरावंच, त्याच्याजवळ बसावं, विचारावं. पण जन्मापासून कमी बोलणारा, बाभळीखाली बसून बरं वाटणारा माणूस वेगळा. कथा दोघांना एकाच दोरीनं बांधायला लागली. गावातही मग एकट्या बसलेल्याकडं लोक त्याच नजरेनं बघतात. स्वतः शेती करणाऱ्या माझ्या एका मित्रानं सांगितलं, "आता धुऱ्यावर दहा मिनिटं बसाची सोय नाई राह्यली. तिसरा मानूस फोन करते, काय झालं म्हून."

मागं तालुक्याच्या ठिकाणी एका कथास्पर्धेला आम्ही तिघं परीक्षक होतो. वीसेक गोष्टी असतील. त्यातल्या सहा-सातांत अबोल माणूस होता आणि एक सोडला तर सगळे शेवटी मेले. ती उरलेली गोष्ट कॉलेजातल्या एका पोरीची होती. तिचा नायक पीक राखायला रात्री जागलीला जातो, माचणावर बसतो. रात्रभरात रोही, म्हणजे नीलगायी, येतात, तो डबा वाजवतो, ते जातात. तुरीचा वास, थंडी, लांब कुठंतरी भजन संपतं. घरी बोलायचं राहून गेलेलं एक वाक्य तो मनात तीनदा वेगवेगळं जुळवून बघतो. उजाडल्यावर खाली उतरतो, घरी येऊन बादली उचलतो आणि म्हशीकडं जातो. वाक्य बोलतो की नाही, ते तिनं लिहिलं नव्हतं.

एका परीक्षकानं समासात लाल पेनानं शेरा मारला होता : 'शेवट नाही.' मी तिला पहिला नंबर द्या म्हणालो. बराच वाद झाला, चहा दोनदा आला. शेवटी उत्तेजनार्थवर तडजोड झाली.