सही करून टाक, माहेर तुटायला नको

‘दिल्या घरी सुखी राहा’ ही शिकवण कोकणातून-घाटावरून मुंबईत आली, ती सगळ्यांना पाठ आहे. गिरणगावात तिला पैशाची जोड मिळाली. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या आसपास कामगारांचे पगार थांबले. लालबाग-परळच्या चाळींत कितीतरी घरं बायकांनी डबे करून, पापड लाटून ओढली. या बायका मुलींना सांगू लागल्या: टायपिंग शीक, नोकरी धर, पगार स्वतःच्या खात्यात ठेव.

नोकरीचं चटकन पटलं. घराच्या बाबतीत मात्र त्याच आया सांगत राहिल्या, ‘हक्कसोडपत्रावर सही करून टाक, भावाशी वाकडं नको.’ हक्कसोडपत्र म्हणजे मिळकतीतला आपला वाटा सोडून दिल्याचा कागद.

इथे गोंधळ फार आहे. मुलींना हक्क २००५ मध्ये मिळाला, असं सर्रास बोललं जातं. पण वडिलांनी स्वतः घेतलेल्या घरात, मृत्युपत्र नसेल तर, हिंदू कायद्याने मुलगी १९५६ पासूनच भावाच्या बरोबरीने वारस आहे. पुढचे बदल एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीचे. राज्याने २२ जून १९९४ पासून मुलींना त्यात वाटा दिला, पण आधी लग्न झालेल्यांना वगळलं. म्हणजे सख्ख्या बहिणी, एकीचं लग्न मे महिन्यातलं, दुसरीचं दिवाळीनंतरचं, आणि हक्क एकीलाच! हे वगळणं भावांच्या सोयीचं होतं, दुसरं काय. केंद्राने ९ सप्टेंबर २००५ ला ती अट काढली. वडील त्या दिवशी हयात नसले तरी चालेल, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं.

पागडीच्या, म्हणजे मालकाला एकदाच मोठी रक्कम देऊन भाड्याने घेतलेल्या खोलीचं आणखी वेगळं. तिथे भाडेहक्क भाडेकरूच्या मृत्यूवेळी सोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे जातो, त्यामुळे सासरी गेलेली मुलगी बहुधा बाहेरच. पुनर्विकासात त्याच खोलीचा मालकीचा फ्लॅट झाला, की तिला ते चांगलंच जाणवतं.

आईला नुसता लबाड म्हणून चालणार नाही. तिचं म्हातारपण मुलाच्याच घरात जायचं असतं. मुलीने सही नाकारली तर सुनेचं बोलणं तिलाच ऐकावं लागतं.

हल्ली काही आया ‘वाचल्याशिवाय सही नको’ म्हणतात. नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र नुसतं मन बदललं म्हणून रद्द होत नाही, हे त्यांनी शेजारच्या घरांत पाहिलंय. नवऱ्यामागे स्वतःलाही मुलांइतकाच वाटा मिळतो, हे कळलेल्या काही जणी तो मृत्युपत्राने मुलीच्या नावे करतात, आणि मुलाला सांगत नाहीत.