प्रत्येक एजंट बरोबर, तरीही व्यवस्था चुकीची

पावसाळ्यात सांगलीकर सकाळी उठल्यावर पहिली चौकशी करतात ती आयर्विन पुलाजवळच्या पाणीपातळीची. ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी, हे इथे बहुतेकांना तोंडपाठ असते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये हेच पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. ही पातळी एकट्या कोणाच्या हातात नसते. धोम आणि कण्हेर धरणांतून सोडलेले पाणी कृष्णेतून येते, कोयना तिला कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर मिळते, आणि वारणा तर पुलाच्या खालच्या अंगाला, हरिपूरजवळ, कृष्णेत उतरते. वारणेला पूर असला की वरच्या बाजूचे पाणीही तुंबते.

आता अशी कल्पना करू की, प्रत्येक धरणावर एक संगणकीय एजंट आहे. तो आवक आणि साठा पाहतो, इतर एजंटांशी निरोपांची देवघेव करतो आणि किती विसर्ग सोडायचा हे स्वतः ठरवतो. प्रत्यक्षात हे निर्णय अभियंते घेतात आणि त्यांच्या जागी संगणक बसवा असे माझे म्हणणे मुळीच नाही. परंतु स्वतंत्रपणे निर्णय घेणाऱ्या अनेक एजंटांची व्यवस्था, म्हणजेच मल्टी-एजंट सिस्टिम, नेमकी कुठे घसरते हे समजून घेण्यासाठी कृष्णेचे खोरे फार चांगले उदाहरण आहे.

समजा, प्रत्येक एजंटाला नियम दिला: ‘तुझ्या वाढीव विसर्गामुळे आयर्विनची पातळी ४० फुटांच्या वर जाणार नसेल, तरच दरवाजे आणखी उचल.’ पातळी ३८ फूट आहे. कोयनेचा एजंट हिशेब करतो की आपल्या विसर्गाने दीड फूट वाढेल, म्हणजे ३९.५, हरकत नाही. त्याच मिनिटाला वारणेचा एजंटही तीच ३८ ची नोंद वाचतो, तोच हिशेब करतो आणि त्याच निष्कर्षाला येतो. दोघेही दरवाजे उचलतात आणि काही तासांनी पाणी ४१ फुटांवर जाते. दोघांपैकी कोणीही नियम मोडलेला नाही. एकेका एजंटाची कितीही कसून चाचणी घेतली, तरी ही चूक सापडणार नाही, कारण ती कोणा एकात नाहीच. ती दोघांच्या कृतींच्या क्रमात आहे.

चाचणीत आपण काही मोजके क्रम चालवून पाहतो. संगणकीय तर्कशास्त्र याहून वेगळा प्रश्न विचारते: जे जे क्रम शक्य आहेत, त्यांपैकी एकाही क्रमात ४० फूट ओलांडले जातील का? असे प्रश्न नेमकेपणाने मांडण्यासाठी ‘नेहमी’, ‘कधीतरी’, ‘तोपर्यंत’ अशा कल्पनांना गणिती रूप देणारे टेम्पोरल लॉजिक वापरले जाते. आमिर न्युएली यांनी १९७७ मध्ये ते संगणकीय प्रोग्रॅमच्या पडताळणीसाठी सुचवले आणि पुढे १९९६ चा ट्युरिंग पुरस्कार त्यांना मिळाला. १९८०च्या दशकाच्या प्रारंभी एडमंड क्लार्क आणि ॲलन एमर्सन यांनी अमेरिकेत, तर जोसेफ सिफाकिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फ्रान्समध्ये, व्यवस्थेच्या सर्व शक्य अवस्था संगणकाकरवी तपासण्याची मॉडेल चेकिंग ही पद्धत विकसित केली. तपासायचा गुणधर्म, उदाहरणार्थ ‘पाणी ४० फुटांच्या वर कधीच जाणार नाही’, खोटा ठरला तर हे साधन नुसता नकार देऊन थांबत नाही, तर तो खोटा ठरवणारी घटनांची साखळी पायरीपायरीने समोर ठेवते. माझ्या मते या पद्धतीची खरी किंमत सिद्धतेपेक्षा या प्रतिउदाहरणांत अधिक आहे.

अडचण आहे ती अवस्थांच्या संख्येची. कोयनेला सहा वक्र दरवाजे आहेत. प्रत्येक दरवाजा बंद किंवा एकेक फुटाने १० फुटांपर्यंत उचललेला मानला, आणि एखादा अडकूही शकतो म्हणून सहाही स्वतंत्र धरले, तर केवळ दरवाज्यांच्या १७,७१,५६१ अवस्था होतात. तसेच आणखी एक धरण जोडले की हा आकडा तीन लाख कोटींच्या पुढे जातो, आणि यात साठा, पाऊस, वाटेतले निरोप काहीच धरलेले नाही. एकेक अवस्था मोजण्याऐवजी त्यांचे मोठाले संच सूत्ररूपात हाताळण्याची युक्ती १९९० च्या सुमारास रुळली आणि १ वर २० शून्ये इतक्या अवस्थांची तपासणी शक्य झाली.

आपल्या नियमाकडे परत येऊ. पहिली दुरुस्ती सहज सुचते: विसर्ग वाढवण्याचा परवाना एकाच वेळी एकाच एजंटाकडे असावा आणि काम झाल्यावर त्याने तो दुसऱ्याकडे सोपवावा. आता ४१ फुटांची साखळी उरत नाही. परंतु तपासणीत दुसरेच काही पुढे येते: परवाना कोयनेकडे असताना तिचा संपर्क तुटतो, आणि वारणेचे धरण काठोकाठ भरले तरी तिचा एजंट वाट पाहतच राहतो. अनिष्ट कधीच घडू नये ही एक अट झाली. आवश्यक ते कधीतरी घडलेच पाहिजे ही दुसरी, आणि पहिली कडक करताना दुसरी हमखास निसटते.

मग निरोपाला पोच, पोचेला पोच असे वाढवत नेले तर? जोसेफ हाल्पर्न आणि योराम मोझेस यांनी १९८४ मध्ये ज्ञानाच्या तर्कशास्त्राच्या, म्हणजे कोणाला काय माहीत आहे याचा हिशेब मांडणाऱ्या तर्कशास्त्राच्या, आधारे दाखवून दिले की, निरोप हरवण्याची शक्यता असलेल्या वाहिनीवर कितीही पोचा पाठवल्या, तरी ‘मला माहीत आहे, तुला माहीत आहे, तुला माहीत असल्याचे मला माहीत आहे...’ ही साखळी पूर्णत्वाला जात नाही. म्हणून दोघांनी एकाच वेळी कृती करण्याची खात्रीही देता येत नाही. ऐन पुरात टॉवर बंद पडणाऱ्या भागासाठी हा निष्कर्ष नुसता तात्त्विक नाही. एकमतावर विसंबणारी रचनाच सोडून द्यावी, प्रत्येक धरणाला विसर्गाचा वाटा आधीच ठरवून द्यावा, आणि संपर्क नसेल तेव्हा त्या वाट्याच्या आतच राहावे, हा त्यातून निघणारा मार्ग आहे.

असल्या चुका कागदावरच राहतात असे नाही. नासाच्या डीप स्पेस १ या यानावर मे १९९९ मध्ये रिमोट एजंट या स्वयंनिर्णयी प्रणालीचा प्रयोग सुरू असताना, तिचे दोन भाग एकमेकांची वाट पाहत अडकून पडले. विशेष म्हणजे, १९९७ मध्येच स्पिन या मॉडेल चेकरने त्या प्रणालीच्या एका भागात पाच चुका दाखवल्या होत्या आणि यानावर उघडकीला आलेली चूक त्यांच्यापैकीच एका प्रकारची, मात्र न तपासलेल्या भागातली होती. जमिनीवरच्या चाचण्यांत ती कधीच दिसली नव्हती.

‘असे होईल का’ याच्या पुढचा प्रश्न असतो तो ‘असे घडवून आणणे कोणाच्या हातात आहे’ हा. राजीव अलुर, थॉमस हेन्झिंगर आणि ऑर्ना कुप्फरमन यांनी १९९७ मध्ये मांडलेल्या तर्कशास्त्रात हे थेट विचारता येते: पाऊस कसाही पडो, कोयना आणि वारणा मिळून पातळी ४५ फुटांच्या आत राखू शकतील अशी काही योजना आहे का? अर्थात, ‘पाऊस कसाही पडो’ म्हटले की उत्तर नकारार्थीच येणार. म्हणून पावसाला मर्यादा घालावी लागते, आणि ती मर्यादा किती हे तर्कशास्त्र सांगत नाही, जलशास्त्रज्ञाला सांगावे लागते. शिवाय प्रत्येक एजंटाला अपुरी माहिती असेल पण मागचे सारे स्मरत असेल, तर अशा सर्व प्रश्नांना उत्तर देणारी एकच यांत्रिक रीत असूच शकत नाही, हेही सिद्ध झालेले आहे.

आणि मग खालच्या अंगाला कर्नाटकातले अलमट्टी धरण. तिथल्या पाण्याच्या फुगवट्याचा सांगलीच्या पुराशी किती संबंध आहे, हा वाद जुना आहे आणि त्यात इथे शिरायचे कारण नाही. तर्काच्या दृष्टीने अलमट्टी हा असा एजंट आहे की ज्याचे नियम आपण लिहीत नाही. त्याला पूर्ण मोकळीक दिली, तर वरच्या धरणांविषयीची सिद्धता कोसळू शकते. म्हणून ‘तिथली पातळी अमुक तारखेपर्यंत अमुक मर्यादेत राहील’ असे गृहीतक मांडून त्याखाली आपला गुणधर्म सिद्ध करायचा असतो. हे गृहीतक हळूहळू सैल करत नेले, तर सिद्धता कोणत्या आकड्यावर तुटते तेही तपासता येते, आणि दोन राज्यांच्या बैठकीत मांडण्यासारखा आकडा तोच असतो.